फायबरची पालखी

“मार, रघुनाना. चांगला जोर लावून मार.”

वाघजाईच्या देवळाच्या मंडपात, सगळ्या गावासमोर, मी फायबरचा हातभर तुकडा एका दगडावर ठेवला होता आणि आमच्या गुरवाच्या, म्हणजे रघुनानाच्या, हातात कोयता दिला होता. नानाने आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोघांचीही हरकत नाही असं समजून कोयता हाणला. ठण्ण आवाज झाला. कोयता नानाच्या हातातून सुटून खांबापाशी जाऊन पडला. तुकड्यावर पांढरा ओरखडा तेवढा उमटला.

मी मोठ्या ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं.

“भारीच हाय,” माझे वडील म्हणाले. “पन देवीला कोयत्यानं मारनार कोन हाय?”

मंडप हसला. रघुनाना मनगट चोळत हसला. मीही हसलो, कारण आमच्या कासारशेत गावात बाबांच्या टोमण्यावर जो हसत नाही त्याला लगेच दुसरा मिळतो.

ही गोष्ट बरीच जुनी. चिपळूणच्या एमआयडीसीत मी तेव्हा फायबरची शेड टाकली होती. पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं, रिक्षाची टपं, खाडीतल्या होड्या, ज्याचा साचा होईल ते सगळं आम्ही काढत असू. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे ते नऊ दिवस तीन वर्षं चालले होते. लोखंड दिसलं की मला गंज दिसायचा, लाकूड दिसलं की वाळवी. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मी वरणभाताबरोबर फायबरचे फायदे वाढत असे. गंजत नाही, कुजत नाही, खारी हवा बाधत नाही. रंग वरून मारायला नको, तो साच्यातूनच चढून येतो. फुटलंच तर ठिगळ लावा, पुन्हा नवं. माझी बायको नयना म्हणायची, “तुमच्यासमोर पोळपाट ठेवायची भीती वाटते. उद्या त्याचाही साचा घ्याल.”

त्या वर्षी शिमगा जवळ आला आणि देवीच्या पालखीला वाळवी लागल्याचं उघडकीला आलं. ज्या बैठकीवर देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, बसवतात, ती खालून पोखरली होती. नानाने सहज बोट लावलं तर बोट आत गेलं. पालखी सागवानी, पणजोबांच्या काळातली, आणि भयंकर वजनदार. शिमग्याला मुंबईहून आलेली मंडळी हौसेने खांदा द्यायची आणि परत जाताना त्याच खांद्याला मलम चोळत एस.टी.त बसायची.

“नवी मी करतो,” मी म्हणालो. “फायबरची. देवीला माझ्याकडून.”

“आन वजन?” बाबांनी विचारलं.

“तिसरा हिस्सासुद्धा भरणार नाही.”

“हलकी?” बाबांनी तो शब्द असा उच्चारला, की मी देवीच्या चारित्र्याबद्दल काही बोललो असं लोकांना वाटावं. “हलकी पालखी काय नाचंल? ती तर उडंल.”

त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. आमच्याकडे पालखी ही नुसती वाहून न्यायची वस्तू नाही. ती बोलते. एखाद्या दारी जायची देवीची इच्छा नसली, मनात काही राग असला, तर ती जड होते आणि पाऊल पुढे पडत नाही. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, चुकलंमाकलं विचारतो, आणि देवीचं समाधान झालं की पालखी हलकी होऊन निघते. पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराचा. त्यामुळे देवी जड झाली हे आधी बाबांच्या खांद्याला कळायचं, मग गावाला.

पण वाळवीपुढे बाबांचंही काही चाललं नाही. रघुनानाने देवीला कौल लावला, कौल उजवा मिळाला आणि मंडप उठला.

वाळवी हे मी गावाला सांगितलेलं कारण. माझं स्वतःचं कारण टेपवाडीला राहत होतं.

टेपवाडी म्हणजे डोंगराच्या टेपावरची, उंचवट्यावरची, पाच-सहा घरं. गावातून तिथे एक पाखाडी चढते, उभ्या दगडी पायऱ्यांची. त्या पाखाडीच्या तळाशी आली की पालखी जड व्हायची. एखाद्या वर्षी नव्हे, दर वर्षी. टेपवाडीच्या बायका खाली येऊन तिथेच देवीची ओटी भरत आणि पालखी माघारी वळे. एकच बाई खाली येत नसे. ती माझी भागी आत्या, बाबांची धाकटी बहीण. “देवी घरी येती,” ती म्हणायची. “ती काय एस.टी. हाय, रस्त्यात उभं ऱ्हाऊन हात दाखवायला?” आणि दर वर्षी ती आपलं अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं ताट मांडून बसायची. पालखी यायची नाही. संध्याकाळी ती ताट उचलून आत ठेवायची.

पालखी का येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचे यजमान, जानू आतोबा, मागचा दांडा धरायचे. पुढे बाबा आणि मागे आतोबा अशी जोडी असताना पालखी ती पाखाडी नाचत चढायची. आतोबा गेले तेव्हा मी पुण्याला शिकत होतो. त्यानंतर ती चढण कुणाच्या खांद्याला झेपेना. देवी समजूतदार, ती तळाशीच जड व्हायला लागली, असं आपलं माझं मत होतं. म्हणजे प्रश्न वजनाचा होता, आणि वजनाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

मी आत्याला सांगायला गेलो तेव्हा ती अंगणात कुळीथ झोडत होती.

“आत्या, ह्या वर्षी पालखी तुझ्या अंगणात येणार.”

“कोन आनतंय?”

“मी. नवी करतोय, फायबरची.”

“फायबर म्हंजे ती बादली आसते, ती?”

“बादली प्लास्टिकची गं. ही काच असते. काचेचे केसासारखे बारीक धागे, त्यांचं कापड, आणि त्यावर राळेसारखा चिकट रस. सुकलं की लाकडापेक्षा मजबूत.”

“काचंची पालखी,” आत्या म्हणाली, “आन खांदा देनार मुंबईवाले. देवीचं काय खरं नाय.”

ती हसली, मी हसलो. मग तिने हातातलं दांडकं खाली ठेवलं.

“अनंता, खरंच वर येल?”

“येईल. शब्द देतो.”

“दादाच्याच खांद्यावर?”

“मान त्यांचाच. दुसरं कोण धरणार?”

तिने कुळथाच्या शेंगा हाताने सारख्या केल्या. “मंग येऊ दे,” ती म्हणाली. “अंगन काय, मी करतेच दर साल.”

उतरताना मला वाटलं, आपण नुसती पालखी करत नाही, पुण्य करतो आहोत. फायबरवाल्याला असं वाटायचे प्रसंग फार येत नाहीत.

आत्या-बाबांमध्ये भांडण नव्हतं. गणपतीला आत्या आमच्याकडे यायची. फक्त ती आली की बाबांना नेमकं त्याच वेळी रानात काहीतरी काम निघायचं. आणि टेपवाडीला बाबा कधी जात नसत. गुडघे दुखतात म्हणायचे. तेच गुडघे शिमग्यात तीन वाड्या नाचायचे, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

पालखीचा साचा मी जुन्या पालखीवरूनच घेतला. वाळवीची भोकं बुजवली, लाकूड घासून त्याला मेण लावलं आणि सगळ्या बाजूंनी साचा चढवला. सुताराने महिनाभर कोरली असती ती वेलबुट्टी, मोर, कमळं, सगळं साच्यात जसंच्या तसं उतरलं. दांडा बांबूवर फायबर चढवून केला. वर आपली हुशारी म्हणून ओटीचे नारळ ठेवायला बैठकीखाली एक कप्पाही काढला.

एक दिवस बाबा शेडवर आले. “चिपळूनला काम हुतं,” म्हणाले. काम काय ते सांगितलं नाही. रसायनाच्या वासाने त्यांनी नाकाला उपरणं लावलं, पालखीभोवती एक फेरी मारली, टिचकी मारून आवाज ऐकला. मग एका हाताने पालखीची एक बाजू सहज वर उचलली.

“ही पालखी हाय का भाताची पाटी?”

“बाबा, पावसात ठेवा, उन्हात ठेवा. तुमच्या पणतवंडांपर्यंत काही होणार नाही हिला.”

“पनतवंडं काय मुंबईतनं येनार हायत व्हय उचलायला?”

पण त्यांचा हात पालखीच्या पुढच्या खांबावर थांबला होता. चालताना पालखी सावरायला मानकरी त्या खांबाला हात लावतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताने तिथे लाकूड झिजून खळगा पडला होता, आणि साच्याने तोही उचलला होता. बाबांचा पंजा त्यात बरोबर बसला. ते मागच्या खांबाकडे गेले. तिथेही खळगा होता, जरा मोठा आणि वरच्या अंगाला. त्यात त्यांनी बोटं घातली आणि तसेच उभे राहिले.

“आवडलं ना?” मी विचारलं.

“येस्टी चुकंल,” बाबा म्हणाले आणि गेले.

शिमग्याच्या दिवशी सकाळी रूपं लागली, देवी नटली, पालखीला गोंडे बांधले आणि देवळासमोरच्या दगडी चौथऱ्यावरून, आम्ही त्याला सहाण म्हणतो, पालखी उठली. ढोल वाजला. भोयांनी जुन्या सवयीने, जुन्या पालखीला लागायचा तेवढा जोर लावून पहिला हेलकावा दिला.

पालखी उडाली. बाबांचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. तिचा कळस सहाणेवरच्या मांडवाच्या कापडातून आरपार गेला आणि तिथेच अडकला. मुंबईकरांनी शिट्ट्या मारल्या. कळस सोडवून पुन्हा नाच सुरू झाला, तर पालखी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि भोयी तिच्या मागे धावताहेत असं दिसायला लागलं. पोरांना मजा आली. म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, “देवी बसलीच नाय गो तिच्यात.”

ते वाक्य मांडवातून फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. पालखी इतकी हलकी, म्हणजे रिकामी. रिकामी, म्हणजे देवी आत नाही. आणि देवी नाही, म्हणजे ती फायबरला रुसली. फायबरचे सगळे फायदे मला तोंडपाठ होते, पण देवी आत बसते हा त्यांत नव्हता.

पालखी सहाणेवर टेकवली गेली. जाणती माणसं कोंडाळं करून कुजबुजली. बाबाच म्हणाले, “वजन पायजे.” मग नदीवरून चांगले गुळगुळीत पाच धोंडे आणले, धुतले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि मी नारळांसाठी केलेल्या कप्प्यात एकेक करून रचले. कप्पा जसा धोंड्यांच्या मापाचाच केला होता.

“नाना, ती हलकी करायला मी दोन महिने घातले!”

“व्हय,” रघुनाना म्हणाला, “आन आमी घटकाभरात देवीजोगी केली.”

माझं मुसळ केरात गेलं. पण पालखी पुन्हा उठली तेव्हा ती खरोखरच झोकात नाचली, हे मला कबूल करावं लागलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मघाच्याच घोळक्यातून आवाज आला, “आली गो बाय!” मी स्वतःची समजूत घातली, की धोंडे धरूनही ही जुन्या पालखीपेक्षा हलकीच आहे. टेपवाडी चढेल.

खालच्या वाड्या झाल्या. दुपार कलताना पालखी पाखाडीच्या तळाशी आली. टेपवाडीच्या बायका ओट्या घेऊन तिथे उभ्याच होत्या. देवीचा शिरस्ता त्यांना माहीत होता. मी पुढे धावत जाऊन त्यांना म्हणालो, “वर व्हा, वर व्हा! आज पालखी घरी येणार.” त्या माझ्याकडे बघून पदराआड हसल्या.

बाबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग तो खाली घेतला.

“जड झाली,” ते म्हणाले.

ढोल थांबला. रघुनानाने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं, “बाय वाघजाय, तुजी लेकरं हायत. काय चुकलंमाकलं आसंल तं पोटात घाल, आन पाऊल पुढं टाक.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“जड हाय,” बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. आत्याला शब्द मी दिला होता, आणि ती वर ताट मांडून बसली होती. “नाना, आधी ते धोंडे काढू या,” मी म्हणालो.

“अरे, देवीला घातलेलं वजन…”

“देवीने कुठे मागितलं होतं? तुम्हीच घातलं ना? मग तुम्हीच काढा, नाहीतर मी काढतो.”

आमच्याकडे पालखी वाटेत जमिनीवर टेकवत नाहीत. भोयी खांद्यावर घेऊन उभे, आणि मी खालून वाकून कप्प्यात हात घातलेला, असं ते दृश्य होतं. पहिला धोंडा काढून मी बाजूला ठेवला.

“आता?”

“जड.”

दुसरा काढला. “आता?”

“जडच हाय.”

तिसरा, चौथा. बायका पुढे सरकल्या, पोरं कडेच्या दगडी गडग्यावर चढली. पाचवा धोंडा काढून मी तो सगळ्यांना दाखवला आणि कप्पा रिकामा असल्याचंही दाखवलं.

“आता, बाबा?”

“जड हाय म्हनतो ना!”

तेवढ्यात मागच्या दांड्यावरून महादू बोलला. महादू मुंबईला टॅक्सी चालवायचा आणि मनात आलेलं त्याच्या तोंडात थांबत नसे. “अनंतदादा, मागनं तर फूल हाय फूल. खांद्यावर हाय का नाय, तेच कळंना.”

त्याच्या शेजारचाही म्हणाला, “आमच्याकडं पन.”

एवढं म्हटल्यावर कोण थांबतंय? सगळी पाखाडी हसली. गाऱ्हाणं घालणारा रघुनानासुद्धा टोपी तोंडावर धरून हसला. पुढून जड आणि मागून हलकी अशी पालखी मी तरी साच्यातून काढली नव्हती. माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा आलाही होता, बाबांच्याच तोडीचा. तो बोलण्यासाठी मी त्यांच्याकडे वळलो आणि तो तसाच गिळला.

बाबा हसत नव्हते, चिडलेलेही नव्हते. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दोन्ही हातांनी त्यांनी दांडा घट्ट धरला होता, आणि ते पाखाडीच्या वरच्या टोकाकडे बघत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच उचलवत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्यांची भीती न वाटता काळजी वाटली.

हसणं वरून खाली थांबत आलं. पाखाडीवरून भागी आत्या उतरत होती, लुगड्याचा ओचा धरून, एकेक पायरी जपून. ढोल थांबला म्हणजे पालखी वळली, हे तिला दर वर्षी वरूनच कळायचं. आज ती त्या वेळी आत न जाता खाली आली होती. बायकांनी वाट दिली. तिने देवीला हात जोडले, पण ओटीचं ताट तिने आणलं नव्हतं.

“दादा,” ती म्हणाली, “दांडा दुसऱ्याकडं दे.”

“मान माजा हाय.”

“मान ऱ्हाऊ दे. तू चल.”

“भागे, देवी जड झालीय. तिच्या मनात नाय वर यायचं.”

“देवी माज्या देव्हाऱ्यात रोज आसते,” आत्या म्हणाली. “तिची वाट कशाला बघू मी? अंगन मी तुज्यासाठी सारवते.”

बाबांचे ओठ हलले. मग मोठ्या कष्टाने ते म्हणाले, “मी आलो नव्हतो.”

“ठावं हाय मला,” आत्या म्हणाली. “मी हुते की तितं.”

मला तेव्हा उलगडा झाला. जानू आतोबा गेले ते ऐन शिमग्यात. पालखी सहाणेवर बसली की तिच्या मानकऱ्याने मयताच्या दारी जायचं नाही, असा आमच्या गावचा नेम. बाबांनी तो पाळला. मागचा दांडा धरणाऱ्याला लोक वर टेपवाडीत खांद्यावरून नेत होते, आणि पुढचा दांडा धरणारा खाली पालखीपाशी बसून होता. शिमगा संपल्यावर जाऊ, असं त्यांनी ठरवलं असणार. मग उद्या, मग परवा, आणि मग कुठल्या तोंडाने? घरात ह्यातलं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही गुडघ्यांच्या दुखण्यावर विनोद करण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

“नेम हुता, भागे,” बाबा म्हणाले.

“नेमाला कोन बोलतंय? नेम त्या दिवसाचा हुता. तुजा भाऊजी आसता, तर त्यानंच तुला पालखीपाशी बसवलं आसतं. पन दादा, त्याच्या म्होरच्या दिवसाला कुटला नेम हुता रं?”

“येववेना.” एवढा एकच शब्द बाबा बोलले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

आत्याने ते आपल्या पदराने पुसलं. चारचौघांत, माझ्या बाबांचं, ज्यांच्यासमोर गाव जपून बोलायचं. मग ती माझ्याकडे वळली. “अनंता, नुसता बघतोस काय? घे बापाचा खांदा.”

मी दांड्याखाली शिरलो. बाबांनी खांदा काढून घेतला आणि क्षणभर त्यांना हातांचं काय करावं ते सुचेना. आत्याने त्यांचं मनगट धरलं. ती पुढे आणि ते मागे, अशी दोघं चढायला लागली. चार पायऱ्यांवर आत्या म्हणाली, “गुडगं दुकतात ना रं?” बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण आत्याचं हसणं खालपर्यंत आलं.

रघुनानाने माझ्याकडे पाहिलं. “अनंता, जड हाय का रं?”

“नाही, नाना.”

“मंग निघूया, म्हाराजा!” ढोल वाजला आणि पालखी पाखाडी चढली. नाचत चढली असं म्हणता येणार नाही, कारण मला नाचता येत नव्हतं आणि महादू मागून गिअर बदलल्यासारखा धक्के देत होता. पण चढली. टेपवाडीच्या बायका धावत पुढे गेल्या; बऱ्याच वर्षांनी त्यांना घरी जाऊन ओटी भरायची होती.

आम्ही धापा टाकत आत्याच्या अंगणाच्या कडेला पोचलो. सारवलेल्या जमिनीवर रांगोळी होती आणि तुळशीपाशी ताट मांडलेलं होतं. बाबा ओट्याच्या पायरीवर बसले होते. आत्या तांब्या घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. पालखी दारी आली की भोयांचे पाय धुवायची रीत आहे.

“आगं, माज्या खांद्यावर पालखी कुटं हाय?” बाबा पाय मागे घेत म्हणत होते.

“मंग भावाचे धुते. गप बस.”

आत भिंतीवर आतोबांचा फोटो होता, पटका बांधलेला. दारातून तो दिसत होता. बाबा उठले, ओल्या पायांनी आत गेले आणि फोटोखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले. दमलेला माणूस ओळखीच्या घरी बसतो तसे बसले. आत्या त्यांच्यासमोर बसली आणि हळूहळू बोलायला लागली. बहुतेक त्या दिवसाचं सांगत असावी, कारण बाबा मधून मधून मान हलवत होते.

इकडे ढोलकऱ्याने ढोल वाजवायला हात उचलला. आत्याने आतूनच तळवा दाखवला.

“जरा थांबा,” ती म्हणाली. “ह्यो आदी आलाय.”

रघुनानाने टोपी काढून बगलेत धरली. देवी अंगणाच्या कडेला उन्हात थांबली. आत दोघं बोलत राहिली, बाहेर आम्ही पालखी खांद्यावर घेऊन उभे राहिलो, आणि ती इतकी हलकी होती, की कितीही वेळ उभे राहिलो असतो. त्यानंतर मी पुष्कळ टाक्या विकल्या, दारं विकली, होड्या विकल्या, आणि गिऱ्हाइकांना फायबरचे सगळे फायदे सांगितले. हा एक मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.